सगळ्यांनी मिळून भरलेला ओपन डेटा सिक्युरिटीवाले का वापरतात? (सोसायट्या, पतसंस्था, कारखाने, सगळ्यांसाठी धागा)

येळ्ळूरगड:

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर भागातल्या काही सोसायट्यांची आणि एका सौहार्द सहकारी संस्थेची सिस्टिम मी बघतो, सर्व्हर, फायरवॉल, ब्रँचची नेट कनेक्शनं, सगळंच. परवा एका संचालक मंडळाच्या बैठकीत विषय निघाला की अँटीव्हायरसला पैसे देतो, फायरवॉलचं रिन्यूअल दरवर्षी भरतो, मग हे फुकटातलं ओपन फीड, ओपन लिस्ट (म्हणजे धोकादायक फाइली, सर्व्हर यांच्या जगभरच्या लोकांनी मिळून भरलेल्या खुल्या याद्या) तू कशाला जोडून देतोस, फुकट मिळतं त्यात काय दम असणार, आणि उद्या काही झालं तर जबाबदार कोण. प्रश्न रास्त आहे. विचारणारे चेअरमन पैशाला जपणारे आहेत आणि ठेवीदारांचा पैसा म्हटल्यावर जपायलाच हवा. बैठकीत वेळ थोडा होता म्हणून इथं सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

मूळ गोष्ट अशी की हल्ला कुणा एकाला अख्खा कधीच दिसत नाही. आपल्याकडचंच बघा. एका पिग्मी एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरवरून 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल (म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅपची फाइल) आली. त्याला संशय आला, त्यानं ती उघडली नाही, सरळ मला आणून दाखवली (असा एजंट प्रत्येक सोसायटीला मिळो). मी ती फाइल नेटवर्कपासून तोडलेल्या वेगळ्या लॅपटॉपवर घेतली आणि तिचा शा-२५६ हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बाइटवरून निघणारी ६४ अक्षरांची ओळख, फाइलमध्ये एक अक्षर इकडचं तिकडं झालं तरी पूर्ण बदलते. तो हॅश मालवेअरबझारवर (घातक फाइलींचे नमुने ठेवणारी खुली वेबसाइट) शोधला, तर फाइल आधीपासूनच तिथं होती. कुणीतरी, कुठल्या देशातला ते मला माहीत नाही, ती चढवलेली, खाली टॅग, पहिल्यांदा कधी दिसली ती तारीख आणि वेळ, आणि सँडबॉक्समध्ये (बंदिस्त चाचणीच्या जागेत) चालवून बघितल्याचा रिपोर्ट जोडलेला. फाइल एसएमएस वाचायची परवानगी मागते, आलेला ओटीपी उचलते आणि अमुक अमुक सर्व्हरला पाठवते. ते सर्व्हर मी त्याच दुपारी सगळ्या ब्रँचच्या डीएनएसवर (वेबसाइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बंद करून टाकले.

विकतचा अँटीव्हायरसही अशी फाइल पकडतो, ते मी नाकारत नाही. पण तो लाल खिडकी दाखवून फाइल बाजूला टाकतो आणि गप्प बसतो. ती कुणाशी बोलते, आधी कुणाला दिसली, आणखी कुठल्या नावांनी फिरते, हे तो मला सांगत नाही. मला फाइल दिसली, दुसऱ्या कुणाला सर्व्हर दिसला, तिसऱ्याला त्याच सर्व्हरमागं लग्नपत्रिकेच्या नावाची आणि पीएम किसानच्या नावाची फाइल दिसली. तिघांचं एका जागी आलं तेव्हा कुठं लक्षात आलं की हे सगळं एकाच टोळीचं आहे. सिक्युरिटीत काम करणारी माणसं या साठ्यांकडं वळतात ती त्यासाठी, पैसे वाचतात ही त्यातली वरची गोष्ट झाली.

अजून बरंच आहे, पण आधी तुमचं ऐकू दे.

निपाणी_वेस:

चांगला धागा काढलात. मी एका पतसंस्थेचा सचिव आहे, कॉम्प्युटरचा माणूस नव्हे, पण आमच्या मंडळासमोर मलाच उत्तर द्यावं लागतं म्हणून सरळ विचारतो. एक, ही माहिती भरतं कोण? उद्या कुणी खोडसाळपणे आमच्याच संस्थेची वेबसाइट त्या यादीत घातली तर आमची ब्रँच बंद पडायची का? दोन, यादी उघडी आहे म्हणजे चोर पण वाचणार की. त्याला कळलं आपला सर्व्हर यादीत आला की तो दुसरा घेईल. मग आपण रोज जुनीच यादी धरून बसायचं काय? तीन, पैसे देऊन घेतलं तर निदान कुणाला तरी फोन करून जाब विचारता येतो.

मलप्रभाकाठ:

निपाणीचे साहेब, तिन्ही प्रश्न असे आहेत की आमच्या कामात रोज कुणी ना कुणी विचारतं. मी खानापूरची, घरातून बेंगळुरूच्या एका कंपनीच्या एसओसीमध्ये (सिक्युरिटीवर लक्ष ठेवणाऱ्या विभागात) काम करते, शिफ्टमध्ये अलर्ट बघायचे, खरे कुठले खोटे कुठले ते ठरवायचं.

पहिल्याचं उत्तर, चुकीच्या नोंदी येतात, नक्की येतात. म्हणूनच कुठलीही यादी डोळे झाकून थेट ब्लॉकला लावायची नसते. एमआयएसपी नावाचं धोक्यांची माहिती गोळा करायचं आणि वाटायचं जे ओपन सोर्स प्लॅटफॉर्म आहे त्यात वॉर्निंगलिस्ट असतात, म्हणजे गूगलचा ८.८.८.८ हा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता), मायक्रोसॉफ्टचे आयपी, मोठमोठ्या वेबसाइटी, असल्या गोष्टी कुणी चुकून किंवा मुद्दाम धोकादायक म्हणून टाकल्या तर ते लगेच निशाणी लावतं की थांबा, हे तपासा. तुमच्या संस्थेची वेबसाइट, तुमच्या कोअर बँकिंगवाल्याचे आयपी, एनपीसीआयकडं (यूपीआय चालवणारी संस्था) जाणारे रस्ते, यांची स्वतःची अशी सुरक्षित यादी आधी करून ठेवायची आणि ती कायम वर चालेल असं बसवायचं, मग कुणी काहीही घातलं तरी ब्रँच बंद पडत नाही. आणि मुख्य म्हणजे उघड्या साठ्यातली चूक दिसते तरी. नोंद कुणी केली, कधी केली, कशावरून केली हे समोर असतं आणि चुकीची असेल तर हरकत नोंदवता येते. बंद फीडमध्ये आम्हाला नुसता आयपी येतो आणि शेजारी 'उच्च धोका', कशावरून ते विचारलं की तिकीट काढा म्हणतात. रात्री दोनला अलर्ट येतो तेव्हा मला पुरावा लागतो हो, नुसती खात्री देऊन काम होत नाही.

दुसरं, चोर वाचतो आणि बदलतो, अगदी बरोबर. पण बदलायला त्याला काय पडतं ते बघा. डेव्हिड बियान्को नावाच्या माणसानं २०१३ मध्ये पिरॅमिड ऑफ पेन म्हणून एक मांडणी केली, आमच्यात ती सगळ्यांना पाठ असते. फाइलचा हॅश बदलणं चोराला चुटकीसरशी जमतं, आयपी बदलणं सोपं, डोमेन बदलायला थोडा खर्च, हत्यार म्हणजे पूर्ण मालवेअर बदलायला महिने, आणि काम करायची पद्धत बदलणं सगळ्यात अवघड. म्हणून उघडे साठे नुसते आयपीवर थांबलेले नाहीत. अमेरिकेतल्या मायटर या ना-नफा संस्थेचं अटॅक म्हणून जे आहे, ते २०१३ मध्ये त्यांच्या आतल्या प्रयोगातून सुरू झालं आणि २०१५ मध्ये सगळ्यांना खुलं झालं, त्यात चोरांच्या पद्धतींना नंबर दिलेत. फिशिंगला, म्हणजे फसव्या मेसेजनं गळाला लावण्याला, टी१५६६. डोमेन बदलला तरी टी१५६६ तोच राहतो, आणि त्यावर लिहिलेला पकडायचा नियमही तोच चालतो.

तिसऱ्याबद्दल, पैसे देऊन घ्या की, आम्हीही घेतो. पण दोन विकतच्या कंपन्यांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्यात सारखं फार थोडं निघतं, असं २०२० मध्ये यूझनिक्स सिक्युरिटी परिषदेत आलेल्या एका अभ्यासातही दिसलं होतं. म्हणजे लाखो रुपये देऊनही एकच कोपरा दिसतो. येळ्ळूरगड दादा म्हणाले तेच ते.

चिकोडीकर_सर:

मी सहकारी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. दोन घटना सांगतो, दोन्ही जाहीर आहेत.

ऑगस्ट २०१८, पुण्याची कॉसमॉस बँक. ११ तारखेला शनिवारी एटीएमच्या स्विचवर (व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेवर) हल्ला झाला, बनावट मंजुऱ्या देऊन २८ देशांतून पैसे काढले गेले, मग १३ तारखेला स्विफ्टनं (परदेशी बँकांना पैसे पाठवायची व्यवस्था) हाँगकाँगला रक्कम गेली. एकूण ९४ कोटींच्या आसपास. आमच्या बँकेत त्या आठवड्यात कुणाला झोप नव्हती, कारण तेच एटीएम, तसलाच स्विच आपल्याकडंही. पुढं बातम्यांत आलं की एटीएममधून अशी मोठी लूट होणार असल्याचा गोपनीय इशारा एफबीआयनं बँकांना १० ऑगस्टलाच दिला होता. कुणाकुणाला मिळाला, कुणाला नाही, त्यात मी जात नाही. पण तो उघडा नव्हता एवढं खरं. चिकोडीच्या, गोकाकच्या, गडहिंग्लजच्या छोट्या बँकेच्या ऑफिसरपर्यंत गोपनीय इशारा कसा पोचायचा? पुढं ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांनी पेमेंट स्विचवरच्या याच धर्तीच्या हल्ल्यांबद्दल, फास्टकॅश नावानं, फाइलींच्या खुणांसकट सगळं जाहीर करून टाकलं. ते मात्र मी आमच्या आयटीवाल्याला प्रिंट काढून दिलं होतं. जाहीर होतं म्हणून देता आलं.

दुसरी घटना जुलै २०२४. छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागणारा) हल्ला झाला आणि एनपीसीआयनं ३१ जुलैला तिला आपल्या पेमेंट सिस्टिमपासून तोडलं, त्यामुळं देशातल्या जवळजवळ ३०० छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम अडलं. त्यात सहकारी आणि ग्रामीण बँकाच होत्या. दुसऱ्या दिवशी परत जोडणी झाली. क्लाउडसेक या सिक्युरिटी कंपनीनं आपल्या अहवालात लिहिलं की एका सहयोगी कंपनीच्या जेनकिन्स (सॉफ्टवेअर बनवताना वापरायचं साधन) सर्व्हरमधून शिरकाव झाला, सीव्हीई-२०२४-२३८९७ या भोकातून (सॉफ्टवेअरमधल्या प्रत्येक जाहीर त्रुटीला म्हणजे भोकाला असा सीव्हीई नंबर मिळतो). आता तारखा बघा. ते भोक आणि त्यावरचा उपाय जेनकिन्सवाल्यांनी २४ जानेवारी २०२४ ला जाहीर केला होता. जगात कुणीही वाचू शकेल अशा यादीत तो नंबर सहा महिने पडून होता. माहितीला पैसा लागत नव्हता, ती रोज उघडून बघणारा माणूस लागत होता. माझा जीव तळमळतो तो इथं, कारण आपल्या भागातल्या संस्थांत तो माणूस नेमलेलाच नसतो.

येळ्ळूरगड:

सर, या तारखांत अजून एक भर. अमेरिकेची सीसा नावाची सरकारी सायबर यंत्रणा केईव्ही म्हणून यादी ठेवते, नोव्हेंबर २०२१ पासून. ज्या भोकांचा प्रत्यक्ष हल्ल्यात वापर झाल्याचा पुरावा आहे तेवढीच त्यात येतात. २३८९७ त्या यादीत आलं १९ ऑगस्ट २०२४ ला, म्हणजे सी-एजची घटना होऊन गेल्यावर. म्हणून एकाच यादीवर विसंबायचं नाही. केईव्हीमध्ये आलं तर त्याच दिवशी दुरुस्त करायचं, हे धरून चालायचं, पण नाही आलं म्हणून निर्धास्त राहायचं नाही. फर्स्ट या जगभरच्या सिक्युरिटी टीमच्या संस्थेचं ईपीएसएस बघायचं, पुढच्या ३० दिवसांत एखाद्या भोकाचा वापर होण्याची शक्यता किती ते रोज आकड्यात देतात, तेही मोफत.

उद्यमबाग८६:

लै उपयोगाचं लिहिलंय. पण आमच्यासारख्या कारखानदाराला यात काय हाय ते पण सांगा की. माझं उद्यमबागेत मशिन शॉप हाय, हायड्रॉलिकचे पार्ट करतो, चार सीएनसी, एक टॅलीचा सर्व्हर, आणि मशिनवाल्याचा माणूस बाहेरून रिमोटनं आत येऊन सेटिंग करतो. सॉफ्टवेअरवाला एक नाव सांगतो, मशिनवाला दुसरंच सांगतो, अँटीव्हायरसमध्ये तिसरंच काहीतरी लिहून येतंय. कुठलं काय ते कळतच न्हाई बगा.

येळ्ळूरगड:

तुमच्या या तक्रारीतूनच सगळी सुरुवात झालीय बघा. १९९९ च्या आधी प्रत्येक कंपनी, प्रत्येक स्कॅनर एकाच भोकाला आपापलं नाव द्यायचा, दोन स्कॅनर लावले तर एकानं सांगितलेलं आणि दुसऱ्यानं सांगितलेलं एकच आहे का दोन, हे ताडून बघायला काही नव्हतं. मायटरच्या दोघा जणांनी सगळ्यांसाठी एकच यादी करायची कल्पना मांडली आणि त्या वर्षी सप्टेंबरात ३२१ नोंदींनिशी सीव्हीई सुरू झालं. २०२४ या एका वर्षात नव्या नोंदी ४० हजारांच्या घरात गेल्या. आपल्याकडं एका शेताला भावकीत कुणी मळवी म्हणतो, कुणी वरचं वावर म्हणतो, पण उताऱ्यावर सर्व्हे नंबर एकच, आणि व्यवहार होतो तो त्या नंबरवर. सीव्हीई तसंच.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट. सीमेन्ससारख्या कंट्रोलर बनवणाऱ्या कंपन्या दर महिन्याला आपल्या भोकांची यादी जाहीर करतात, आणि सीसाकडं कारखान्यातल्या मशिनरीच्या सूचनांचं वेगळं पान आहे. मशिनच्या पॅनेलमध्ये कंट्रोलरवर मॉडेल नंबर आणि फर्मवेअरचं (मशिनच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन असतं, ते चारही मशिनचं एका वहीत उतरवून घ्या. तेवढं असलं की ताडून बघणं अर्ध्या तासाचं काम. आणि तो रिमोट कायम चालू ठेवू नका, माणूस फोन करेल तेव्हाच चालू करायचा, झालं की बंद.

मलप्रभाकाठ:

उद्यमबाग दादा, त्या वहीचं महत्त्व मला डिसेंबर २०२१ मध्ये कळलं. लॉगफोरशेल आलं ते दिवस. सीव्हीई-२०२१-४४२२८, दहापैकी दहा गुण, जावाच्या लॉग (म्हणजे सिस्टिमच्या नोंदी) लिहिणाऱ्या एका छोट्या लायब्ररीत (तयार कोडच्या तुकड्यात) भोक, आणि ती लायब्ररी कुठल्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसलीय हे बनवणाऱ्यालाही धड माहीत नाही. गुरुवारी बाहेर आलं आणि शनिवार रविवार जगभरचे सिक्युरिटीवाले जागे. आमच्याकडं एकच प्रश्न होता, आपण वापरतो त्यातलं काय काय बाधित आहे. कंपन्यांचे ई-मेल यायला वेळ लागत होता, काहींचे आलेच नाहीत.

तेव्हा नेदरलँड्सच्या सरकारी सायबर केंद्रानं गिटहबवर (कोड आणि याद्या खुल्या ठेवायची वेबसाइट) एक साधी यादी उघडली. कंपनीच्या नावानं ओळीनं तक्ते, सॉफ्टवेअरचं नाव, व्हर्जन, बाधित आहे, नाही, दुरुस्ती आली, तपास चालू, आणि शेवटी कंपनीच्या निवेदनाची लिंक. कुणीही पुल रिक्वेस्ट (बदल सुचवणारी विनंती) पाठवायची, तिथली माणसं लिंक उघडून तपासायची आणि आत घ्यायची. सीसानंही तशीच उघडली. मी खानापुरात आमच्या घराच्या माडीवर बसून आमच्या कंपनीतल्या सॉफ्टवेअरची यादी एका बाजूला आणि तो तक्ता दुसऱ्या बाजूला असं एकेक नाव टिक करत होते. एका सॉफ्टवेअरचं निवेदन आम्हाला मिळालं होतं ते तक्त्यात नव्हतं, आमच्या सीनियरनी ते पाठवलं, थोड्या वेळात आत आलं. आमच्यासारखंच कुणीतरी कुठंतरी तेच नाव शोधत असणार, त्याचा तेवढा वेळ वाचला. त्या दोन दिवसांत कुणी कुणाला विचारलं नाही की तू स्पर्धक कंपनीचा का सरकारी. त्या आठवड्यानंतर आमच्या मॅनेजरना ओपन डेटा कशाला हे परत समजावून सांगावं लागलं नाही.

मच्छे_होस्टेल:

मी व्हीटीयूत शिकतो. आम्हा विद्यार्थ्यांच्या बाजूनं एक सांगू का. सिक्युरिटी शिकायची म्हटली की महागडे सर्टिफिकेट कोर्स, त्याची फी आमच्या घरात वर्षभराच्या ऊसबिलातून जायची. या उघड्या साठ्यांत खरा माल आहे, खऱ्या हल्ल्यांचा. सिग्मा म्हणून गिटहबवर नियमांचा साठा आहे, लॉगमध्ये काय दिसलं की संशय घ्यायचा ते एका ठरलेल्या पद्धतीत लिहिलेलं, मग ते कुठल्याही कंपनीच्या सिस्टिमला बसवता येतं. त्यात नियम पाठवला की जुनीजाणती माणसं तो तपासतात, इथं खोटे अलर्ट येतील, इथं अट वाढव, असं लिहून कळवतात. असं फुकट शिकवणारं दुसरीकडं कुठं मिळणार. आणि मुलाखतीत मार्कशीटपेक्षा तो आत गेलेला नियम दाखवता येतो.

अजून एक, लोकांना वाटतं साठ्यात काही शोधलं की आपली माहिती बाहेर गेली. तसं नसतंही. ट्रॉय हंट यांचं हॅव आय बीन पॉन्ड आहे ना, २०१३ पासूनचं, त्यात आपला पासवर्ड कधी फुटलाय का ते बघताना पासवर्ड जातच नाही. आपल्याच मशिनवर त्याचा हॅश निघतो, त्यातली पहिली पाच अक्षरं फक्त पाठवली जातात, त्या पाच अक्षरांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळणी आपल्या मशिनवरच होते. पलीकडच्याला कळतच नाही की तुम्ही नेमकं काय शोधलंत.

मलप्रभाकाठ:

छान सांगितलंस रे. पण त्याची उलटी बाजू पण सांगते, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. व्हायरसटोटलवर (अनेक अँटीव्हायरसनी फाइल तपासून देणारी वेबसाइट) फाइल चढवली की ती त्यांच्या भागीदारांना आणि पैसे भरणाऱ्या सदस्यांना बघायला आणि उतरवायला मिळते. म्हणून सभासदाचं कर्जप्रकरण, केवायसीची पीडीएफ, ठेवीदारांची एक्सेल फाइल, असलं काही संशयास्पद वाटलं तरी चढवायचं नाही. हॅश काढा आणि हॅश शोधा, फाइल आपल्याकडंच राहते. आणि त्यांचं मोफत खातं धंद्याच्या कामाला वापरायची परवानगी नाही, तेही पाळा. मोफत असलं तरी प्रत्येक साठ्याच्या अटी असतात, त्या वाचायला हव्यात.

निपाणी_वेस:

बरंच समजलं, आभारी आहे. आता मुख्य अडचण सांगतो. घेणं समजलं, द्यायचं कसं? आमच्या संस्थेवर काही झालं आणि मी ते कुठल्या साठ्यात टाकलं तर दुसऱ्या दिवशी निपाणीच्या बाजारात बोभाटा होतो की अमक्या पतसंस्थेत घोटाळा झाला. तंबाखूचे पैसे ठेवायला आलेला शेतकरी दारातून परत जातो. ठेवी काढायला रांग लागायला एक अफवा पुरते, आम्ही बघितलंय.

येळ्ळूरगड:

साहेब ही भीती खरी आहे आणि जगभर तीच आहे, म्हणून तर त्यावर पद्धत बसवलीय. द्यायचं ते चोराचं द्यायचं, आपलं नाही. हॅश, डोमेन, मेसेजचा मजकूर, कुठल्या नंबराच्या सिरीजवरून आला, बस. संस्थेचं नाव नाही, सभासदाचं नाव नाही, खातं नाही, रक्कम नाही. शिवाय ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल म्हणून रंग ठरलेले आहेत. लाल म्हणजे बैठकीत बसलेल्यांपुरतंच, अंबर म्हणजे आपली संस्था आणि गरज असलेले ग्राहक, हिरवा म्हणजे आपल्यासारख्या संस्थांच्या गटात फिरू दे, आणि क्लिअर म्हणजे जाहीर. आपण आपल्या भागातल्या संस्थांचा असा गट करून हिरव्यानं सुरुवात करू, आणि ज्यात कुणाचीच ओळख नाही ते क्लिअर करून बाहेर पाठवू.

यात एक गल्लत मात्र नको. सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर यंत्रणेला) कळवणं ही वेगळी गोष्ट आहे, ती ऐच्छिक नाही. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. आणि सभासदाचे पैसे गेले असतील तर सगळ्यात आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तिथं मिनिटामिनिटाला किंमत आहे. साठ्यातली नोंद त्यानंतर.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. एमआयएसपी कसं जन्माला आलं बघा. २०११ मध्ये बेल्जियमच्या संरक्षण खात्यात काम करणारा एक माणूस वैतागला होता, कारण धोक्याची माहिती यायची ती ई-मेलमध्ये आणि पीडीएफमध्ये, मशिनला वाचता न येणारी, प्रत्येक जण हातानं परत टाइप करणार. त्यानं स्वतःच्या वेळात प्लॅटफॉर्म लिहायला घेतलं, पुढं नाटो, लक्झेंबर्गचं सर्कल (तिथलं सायबर केंद्र) हे सगळे त्यात आले. आपल्याकडं आज काय आहे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट. 'सावधान, हा मेसेज आला तर उघडू नका', खाली फोटो, फोटोत लिंक अर्धी कापलेली, कधीचा ते माहीत नाही, आणि तो चार वर्षं फिरत राहतो. लिंक कॉपी करता येत नाही, शोधता येत नाही, फायरवॉलला देता येत नाही.

आणि आपल्या सीमाभागाचं वेगळं दुखणं आहे. एकाच घरात एक सिम कर्नाटकचं, एक कोल्हापूरकडचं. एकावर 'आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल' म्हणून हेस्कॉमच्या नावानं कन्नडात मेसेज, दुसऱ्यावर महावितरणच्या नावानं मराठीत तोच मेसेज. खाली फोन करायला दिलेला नंबर कधी कधी एकच. हे बेंगळुरूला बसलेल्याला दिसत नाही आणि मुंबईला बसलेल्यालाही नाही, एकाला कन्नड मेसेज दिसतो आणि दुसऱ्याला मराठी. दोन्ही एकत्र दिसतात ते फक्त निपाणीत, खानापुरात, बेळगावात. जगातल्या साठ्यांत इंग्रजी, रशियन, चिनी मजकूर ढीगभर आहे, आपल्या या दोन भाषांतलं फार थोडं. ते आपण नाही भरलं तर कोण भरणार? दुसऱ्या कुणाकडं ते येतच नाही.

चिकोडीकर_सर:

पूर्ण पाठिंबा. फक्त एक विचारतो, हे परदेशी साठे उद्या बंद पडले तर? आपण त्यावर काम उभं करायचं आणि तिकडं कुणी पैसा थांबवला की आपण उघडे.

मलप्रभाकाठ:

सर, ती वेळ येऊन गेली. एप्रिल २०२५ मध्ये मायटरचं सीव्हीईचं कंत्राट १६ तारखेला संपणार असं पत्र बाहेर आलं, पैसा अमेरिकी सरकारचा. आमच्या ऑफिसात त्या दिवशी दुसरं बोलणंच नव्हतं. शेवटच्या क्षणी ११ महिन्यांची मुदतवाढ मिळाली. त्याआधी फेब्रुवारी २०२४ पासून एनव्हीडीत (सीव्हीईच्याच नोंदींवरचा अमेरिकी सरकारचा साठा) नोंदींना गुण आणि तपशील जोडायचं काम मागं पडलं होतंच. पण उघडा डेटा असल्याचा फायदा तिथंच दिसला. सीव्हीईची सगळी नोंद गिटहबवर आहे, आम्ही कॉपी उतरवून ठेवलेली होती, जगात हजारोंनी ठेवलेली असणार. मालक बंद पडला तरी कालपर्यंतचं कुणाला पुसता येत नाही. मे २०२५ मध्ये युरोपनं आपला स्वतःचा साठा सुरू केला, गूगलचं ओएसव्ही (ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधल्या भोकांचा साठा) २०२१ पासून आहेच. विकतचं फीड बंद पडलं की लायसन्सबरोबर जुना डेटापण जातो, हे आम्ही अनुभवलंय. तरी तुमचं म्हणणं बरोबर, एकाच देशाच्या पैशावर सगळ्या जगाची यादी चालणं बरं नाही, आणि आपल्या देशानंही यात जास्त भार उचलायला हवा.

मच्छे_होस्टेल:

येळ्ळूरगड सर, तुम्ही एमआयएसपी बसवणार असाल तर मी आणि माझे दोन मित्र मदतीला येतो. पण सोसायटीच्या माणसाला त्याचा स्क्रीन अवघड जाईल असं वाटतं.

येळ्ळूरगड:

सोसायटीच्या माणसानं एमआयएसपी उघडायचंच नाही. त्यानं साध्या शीटमध्ये एक ओळ भरायची, तारीख आणि वेळ, मेसेज कुठल्या भाषेत, पूर्ण मजकूर, लिंक, पाठवणारा नंबर किंवा नाव, फाइल असेल तर हॅश, आणि रंग. लिंक भरताना सुरुवातीची एचटीटीपी आणि मधला डॉट मोडून लिहायचं, म्हणजे कुणाचं बोट लागून उघडणार नाही. हॅश काढायला वेगळं काही लागत नाही, विंडोजमध्येच सर्टयुटिल आहे, त्याची कमांड मी कागदावर छापून प्रत्येक ब्रँचला देतो. तपासणी तू आणि तुझे मित्र करा, ताईंनी आठवड्यातून एकदा नजर टाकली तर फार बरं होईल, आणि मग मी ते एमआयएसपीमध्ये घेतो. दोघांनी बघितल्याशिवाय एकही नोंद ब्लॉकला जाणार नाही, हा नियम.

मलप्रभाकाठ:

रविवारी बसते मी. आणि ३० दिवस कुठं परत दिसला नाही तर आयपी आपोआप यादीतून उतरेल असं ठेवा, नाहीतर तोच आयपी उद्या एखाद्या भल्या माणसाच्या वेबसाइटला मिळालेला असतो आणि आपण त्याला अडवून बसतो. डोमेनला जास्त मुदत द्या.

उद्यमबाग८६:

माझ्या चार मशिनची वही लिहून झाली. एका कंट्रोलरचं फर्मवेअर २०१६ चं निघालं बगा. कंपनीवाल्याला नंबर लावलाय. शेजारच्या फाउंड्रीवाल्याला पण सांगितलंय, त्याचं पण लिहून घेतो.

निपाणी_वेस:

मंडळाच्या पुढच्या सभेत विषय ठेवतो. माझ्याकडं गेल्या काही महिन्यांत सभासदांनी आणून दाखवलेले मेसेज आहेत, वीजबिलाचे, चलानचे, एक पेन्शनचा पण आहे. पण बरेचसे कन्नडात आहेत, त्याचं मराठी करून पाठवू का?

येळ्ळूरगड:

नको साहेब, आहे तसाच कन्नड मजकूर कॉपी करून पाठवा, अक्षर बदलू नका, चुका असल्या तरी राहू देत. त्या चुकांवरूनच पुढचा मेसेज त्याच टोळीचा आहे का ते ओळखता येतं. आणि स्क्रीनशॉट नको, मूळ मेसेज दाबून धरून कॉपी करा. वीजबिलाचे आधी पाठवा, माझ्याकडं महावितरणच्या नावाचे दोन आहेत, नंबर जुळतात का बघू.